पेटीची दुसरी चावी

पप्पांनी चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवून घसा खाकरला, तेव्हा मम्मीने चहाखालचा गॅस बारीक केला. आता अर्धा तास तरी कोणाला कप उचलायला मिळणार नाही, हे पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिला पाठ झालं होतं.

सोमवारी सकाळी पप्पांच्या हृदयाची झडप बदलायची होती. दहा दिवस इस्पितळात राहावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पप्पांनी चाळीस दिवसांची तयारी केली होती. शनिवारी दुपारी त्यांनी सगळ्यांना बोलावलं ते प्रार्थनेसाठी, निदान निरोप तरी तसाच होता. पण आल्या आल्या प्रत्येकाच्या हातात एकेक यादी पडली. मुलाच्या, म्हणजे भाऊच्या, यादीत दुकान होतं: कोणाचं कुलूप कुठल्या खणात आहे, कोणत्या गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं, कोणाशी मुळीच नाही. त्याच्या धाकट्या बहिणीच्या, बेबीच्या, यादीत घर होतं. आत्या, म्हणजे पप्पांची धाकटी बहीण, तीस वर्षं नर्स म्हणून काम करून निवृत्त झालेली. तिच्या यादीत इस्पितळ होतं, आणि नर्सने काय काय करायचं असतं हे तिला सात कलमांत समजावून सांगितलं होतं. आत्याने ती यादी शेवटपर्यंत वाचली, घडी घातली आणि चष्म्याच्या घरात ठेवून दिली. ऑपरेशन होईपर्यंत भावाशी भांडायचं नाही, असं ती येताना जिन्यातच ठरवून आली होती.

"सर्जनलासुद्धा दिली असेल एक," भाऊ हळूच मम्मीला म्हणाला.

"दिली ना. त्यांनी खिशात ठेवली," मम्मी म्हणाली. "भला माणूस आहे."

मग घरच्या चाव्या बेबीच्या ताब्यात द्यायचं काम सुरू झालं. खाली कुलपांचं दुकान आणि वर घर, त्यामुळे या घरात चावी ही नुसती चावी कधीच नव्हती. प्रत्येकीला पत्र्याचा बिल्ला आणि बिल्ल्यावर ठोकून काढलेली अक्षरं, ही आजोबांपासूनची रीत. बिनबिल्ल्याची चावी दिसली की पप्पांना चैन पडत नसे. रस्त्यात सापडलेल्या चावीलासुद्धा ते 'अनोळखी' असा बिल्ला लावून खिळ्याला अडकवून ठेवत. आता ते यादीतून एकेक नाव वाचत होते आणि बेबी जुडग्यातली तेवढी चावी पुढे सरकवत होती. गच्ची. मागचा जिना. औषधांचं कपाट. मम्मीचं कपाट. मम्मीच्या कपाटातलं कपाट. यादी संपली, तरी जुडग्यात एक चावी शिल्लक राहिली.

बेबी अडतीस वर्षांची आणि शाळेत गणित शिकवणारी. फक्त या घरात ती अजून बेबी होती. तिने पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. पप्पा म्हणाले की राहू दे, झालं, आता प्रार्थनेला बसू. ते इतक्या घाईने म्हणाले की भाऊने यादीतून मान वर केली. उरलेली चावी पितळेची होती, करंगळीच्या पेराएवढी. बेबीने बिल्ला उलटा केला. त्यावर दोनच अक्षरं होती: पेटी.

सगळ्यांनी आधी चावीकडे पाहिलं, मग खिडकीखालच्या पेटीकडे.

ती पेटी आजीची, पप्पांच्या आईची. जेमतेम वीतभर लांब, सागवानी, झाकणाला बारीक फट. रविवारी घरची प्रार्थना झाली की ज्याच्या मनात काही सलत असेल त्याने ते चिठ्ठीवर लिहून फटीतून आत सोडायचं. आत पडलं की ते देवाचं. मग त्याची चर्चा करायची नाही, घाई करायची नाही, त्याच्यावर भरवसा ठेवून आपल्या कामाला लागायचं. हे सगळ्यांच्या मनावर ठसावं म्हणून आजीने पेटीला आपल्याच दुकानातलं कुलूप बसवून घेतलं आणि त्याची एकुलती एक चावी, सगळ्या घराला पुलावर नेऊन, सगळ्यांदेखत नदीत टाकली. भाऊ तेव्हा सहा वर्षांचा होता आणि बेबी मम्मीच्या कडेवर. चावी डुबुक करून बुडाली, हे भाऊ अजूनही हाताने करून दाखवतो.

चावी नदीत गेली म्हणजे पेटी कायमची बंद झाली, असं कुलपं बनवणाऱ्या घराने सदतीस वर्षं मानलं, ही यातली खरी गंमत. आणि एवढ्या वर्षांत ती वीतभर पेटी भरली कशी नाही, हा प्रश्न गणिताच्या बाईंना एकदाही पडला नव्हता. तो आता पडला.

"पप्पा, ही चावी कधी केलीत?"

पप्पा खोटं बोलत नसत. खोटं बोलायची वेळच येऊ नये अशी व्यवस्था ते आधी करून ठेवत. आज व्यवस्थेनेच त्यांना दगा दिला होता.

"त्याच आठवड्यात," ते म्हणाले. "कुलूप मीच केलेलं. आतले खटके मला पाठ होते."

"अहो पण, चोरून केलेल्या चावीला बिल्ला?" भाऊला राहवेना.

"बिल्ला लागतोच," पप्पा म्हणाले.

मग त्यांनी थोडक्यात सांगून टाकलं. आईने चावी फेकली त्या रात्री त्यांना झोप लागली नव्हती. घरातल्या कोणाला काहीतरी सलतंय, ते आपल्यापासून दहा पावलांवर पडून आहे आणि आपण नुसतं बसून राहायचं, हे त्यांच्याच्याने होईना. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी, सगळे उठायच्या आत, ते पेटी उघडत, वाचत आणि कामाला लागत. जे मार्गी लागे ती चिठ्ठी ते जाळून टाकत. देवाला मदत म्हणून, असं त्यांना वाटे. निदान सुरुवातीला तरी.

बेबीने फक्त एक गोष्ट विचारली. तेरा वर्षांपूर्वीची तिची चिठ्ठी त्यांनी वाचली होती का?

"वाचली होती."

"आणि त्याच्याकडे गेला होतात?"

"गेलो होतो," पप्पा म्हणाले. "पण बेबी..."

बेबी पुढचं ऐकायला थांबली नाही. जुडगा टेबलावर टाकून ती स्वयंपाकघरात निघून गेली.

तेरा वर्षांपूर्वी मागच्या गल्लीत बोटीवरचा एक इंजिनियर भाड्याने राहत होता. देखणा, बोलका, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसून मोठ्या आवाजात गाणारा. त्याने बेबीला मागणी घातली तेव्हा घरात कोणालाही नाही म्हणायला कारण सापडलं नाही, आणि बेबीला तर मुळीच नाही. पण तो रस्त्यात समोरून येताना दिसला की ती पलीकडच्या बाजूला जायची, आणि ते का, हे तिला सांगता येत नव्हतं. तिने चिठ्ठी लिहिली: प्रभू, हा माझ्यासाठी नसेल तर तूच त्याला दूर कर, माझ्या तोंडून 'नाही' निघत नाही. चार दिवसांनी तो कोणालाही न सांगता खोली सोडून गेला. बेबी आठवडाभर रडली आणि एका सकाळी उठली ती हलकी होऊन. पुढे कळलं की आधीच्या बंदरात त्याची बायको होती. ते कळल्यावरच्या रविवारी बेबीने चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली, की माझ्या देवाने माझं ऐकलं. दोन वर्षांनी तिने बेकरीवाल्याशी लग्न केलं, आणि तो माणूस अजूनही रोज पहाटे उठताना तिचं पांघरूण नीट करून जातो.

मम्मी तिच्या मागोमाग आत आली आणि तिने गॅस मोठा केला. बेबीने मागे न वळताच विचारलं, "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच वर्षी कळलं," मम्मी म्हणाली. "नळ गळतो म्हणून मी चिठ्ठी टाकली. तिसऱ्या दिवशी नवा वायसर."

"देवाला नळाचंही माहीत असतं, मम्मी."

"असतं ना. पण नळावर पान्याचे ओरखडे तुझ्या पप्पांचे होते."

बेबीला हसू आलं आणि त्या हसण्याचाच राग आला. मम्मीने मात्र आता लपवायचं काही ठेवलं नाही. नळानंतर चष्मा, चष्म्यानंतर बहिणीकडे पंधरा दिवस राहायला जाणं, मग स्वयंपाकघराची मोठी खिडकी. तोंडाने सांगितलं की पप्पा वाद घालत. चिठ्ठीवर लिहिलं की निमूटपणे करत. इतका सोयीचा नवरा आपल्या ओळखीत कोणालाच नव्हता, असं तिचं म्हणणं पडलं.

"आणि देवाला काय सांगायचीस मग?"

"ते मी कुठे लिहीत होते," मम्मी म्हणाली आणि कपात चहा गाळू लागली.

बेबीने ओट्याला टेकून डोळे पुसले. "तुझं बरं आहे. माझं सगळं त्या एका चिठ्ठीवर उभं आहे, मम्मी. पोरं आजारी पडली, शाळेत काही झालं, की मी मनाशी म्हणायचे, त्याने तेव्हा ऐकलं, आताही ऐकेल. तेव्हा पप्पांनीच ऐकलं असेल, तर मग आजवर माझं दुसऱ्या कोणी काही ऐकलंय का?"

मम्मीने बेबीच्या पाठीवरून हात फिरवला आणि तो तसाच ठेवला.

बाहेरच्या खोलीत भाऊ पेटीकडे बघत बसला होता. त्यालाही एक चिठ्ठी आठवत होती, आणि ती आठवायची नाही असं ठरवून त्याने बावीस वर्षं काढली होती. एकविसाव्या वर्षी त्याला नकाशे काढायला शिकायचं होतं. डोंगर, नद्या, उंचीच्या रेषा. दुकान नको, दुसरी वाट दाखव, असं त्याने लिहिलं होतं. तीन आठवड्यांनी दुकानावर नवी पाटी लागली आणि पाटीवर पप्पांच्या नावाखाली त्याचं नाव रंगवलेलं होतं. हेच देवाचं उत्तर, असं समजून त्याने कानस हातात घेतली. वाईट काही झालं नाही. हात बसला, गिऱ्हाइकं जोडली, संसार झाला. पण फिरतीवर कुठे गेला की तो अजून आधी नकाशा विकत घेतो.

"माझी पण वाचली असेल," तो म्हणाला.

पप्पांनी मान डोलावली. "मला भीती वाटली रे. तू गेलास तर परत येणार नाहीस असं वाटलं. पाटी मी दुसऱ्याच दिवशी सांगितली रंगवायला." मग ते अडखळत म्हणाले, "चुकलं माझं. फार चुकलं."

भाऊने बराच वेळ टेबलावरची ती पितळेची चावी बोटांनी फिरवली. पप्पांच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द त्याने जन्मात पहिल्यांदा ऐकला होता आणि त्याचं करायचं काय हे त्याला कळत नव्हतं.

"मला तुमच्यावर चिडायचंय, पप्पा," तो शेवटी म्हणाला. "चांगलं कडकडून. पण परवा तुमची छाती उघडणार आहेत, तर आज नको. तुम्ही परत या, मग सावकाश चिडतो."

"कधी?" पप्पांनी विचारलं.

"तारीख देणार नाही."

आत्या खुर्चीतल्या खुर्चीत हसली. जिन्यात ठरवलेलं सगळं तिने आता सोडून दिलं. तिचे यजमान गेले तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. हात रिकामे आहेत, त्यांना काम दे, अशी चिठ्ठी तिने टाकली आणि पुढच्या मंगळवारी इस्पितळाच्या मेट्रनबाईंचा निरोप आला. त्या बाईंच्या तिजोरीचं कुलूप आदल्याच दिवशी, सोमवारी, आपल्या भावाने दुरुस्त करून दिलं होतं, हे तिला महिन्याभरातच कळलं होतं. कळूनही ती गप्प राहिली होती.

"तेव्हा मी देवाचे आभार मानले, दादा, आणि ते मी परत घेणार नाही," ती म्हणाली. "त्याला माझ्यासाठी कोणालाही पाठवता आलं असतं. त्याने एक लुडबुड्या पाठवला, त्याची मर्जी. त्या कामाने मला तीस वर्षं जगवलं. पण निरोप्याने पत्र फोडून वाचायचं नसतं आणि सही तर मुळीच ठोकायची नसते. भाऊच्या पाटीवर तू देवाची सही ठोकलीस."

आत्याने मग विचारलं, की एवढ्या वर्षांत तू स्वतः एक तरी चिठ्ठी टाकलीस का?

नाही, ते म्हणाले. माझं मी बघत होतो.

असं म्हणून त्यांनी आपली प्रार्थनेची वही उघडली आणि मागच्या पुठ्ठ्यातून एक पिवळी पडलेली चिठ्ठी काढून बहिणीच्या हातात दिली. अक्षर आजीचं होतं, शेवटच्या दिवसांतलं, ओळ सोडून खाली घसरणारं. आत्याने ते मोठ्याने वाचलं. "प्रभू, माझा थोरला ही पेटी उघडतो. मी त्याला बोलणार नाही. तो तुझ्याकडे सोपवते."

"एकोणीस वर्षं झाली," पप्पा म्हणाले. "बाकी सगळ्या चिठ्ठ्यांचं मला काही ना काही करता आलं. या एकीचं काहीच करता येईना. जाळवेनाही."

बेबी आणि मम्मी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. आजीलाही ठाऊक होतं, हे ऐकून बेबी आत आली आणि तिने ट्रे टेबलावर ठेवला. म्हणजे या घरात पेटीवर खराखुरा विश्वास ठेवणारे दोघेच निघाले, ती आणि भाऊ.

"तू उठून गेलीस," पप्पा तिला म्हणाले. "मी पुढचं सांगत होतो. ऐक आधी. मग काय बोलायचं ते बोल."

त्या इंजिनियरकडे ते चौथ्या दिवशी सकाळी गेले होते. काय बोलायचं ते रस्ताभर घोकत. गोडीने सांगायचं, नाही ऐकलं तर दम द्यायचा, तेही नाही तर बोटीच्या कप्तानाला भेटायचं. तिन्ही भाषणं तयार होती. दुसऱ्या मजल्यावर पोचले तर घरमालकीण खोली झाडत होती. तो पहाटेच गेला, ती म्हणाली, सामान उचलून, पत्ता न ठेवता. का गेला ते तिलाही माहीत नव्हतं. दाराच्या कडीला कुलूप उघडंच लटकत होतं आणि चावी त्यातच होती. कुलूप आपल्या दुकानातलं. पप्पा ते काढून घेऊन आले.

"भाऊ," ते म्हणाले, "खाली मागच्या भिंतीला, खालून दुसरा खण. डाव्या कोपऱ्यात."

भाऊ खाली गेला आणि वर आला तेव्हा जिना चढताना मधेच थांबला असावा, कारण पावलं थोडा वेळ वाजायची बंद झाली. त्याने कुलूप बेबीच्या ओंजळीत ठेवलं. गंज धरलेलं, उघडं, चावी आतच. चावीला बिल्ला होता. पप्पांची ठोकणी, त्यांचीच सरळ ओळीतली अक्षरं. बेबीने अंगठ्याने गंज पुसला आणि वाचलं: मी नाही केलं.

"जिन्यातच मी खाली बसलो," पप्पा सांगत होते. "आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याआधी कोणीतरी येऊन काम करून गेलं होतं. तुला सांगायचं म्हटलं तर पेटीचंही सांगावं लागलं असतं. मग निदान बिल्ल्यावर लिहून ठेवलं."

"आणि तरी पेटी उघडत राहिलात?"

"जास्तच. तो अजून कुठे कुठे आधी पोचतो ते बघायला. बऱ्याच ठिकाणी पोचला होता."

बेबी ते गंजलेलं कुलूप छातीशी धरून खाली सतरंजीवर बसली आणि लहान मुलीसारखी रडली. तेरा वर्षं जे तिचं होतं ते तासभर तिच्या हातून गेलं होतं आणि आता जास्तच घट्ट होऊन परत आलं होतं. तिने मोठ्याने देवाचे आभार मानले, साक्ष देताना मानले होते तसे, फक्त या वेळी उभं न राहता. मम्मीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. भाऊ खिडकीबाहेर बघत होता. त्याच्या वाट्याला असा बिल्ला आला नव्हता. ते आत्याच्या लक्षात आलं. तिने खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि आपला चहा त्याच्यापुढे ठेवला.

चावी पुन्हा नदीत टाकावी, असं बेबी म्हणाली. पप्पा म्हणाले की त्याने काही होणार नाही, मी सात मिनिटांत दुसरी करेन, मला ते खटके मरेपर्यंत विसरता यायचे नाहीत. मग त्यांनी खालून पेचकस मागवला, पेटी मांडीवर घेतली आणि तिचं कुलूपच काढून टाकलं. झाकणाखाली स्क्रूची दोन भोकं राहिली. आता ही कोणालाही उघडता येईल, ते म्हणाले, तेव्हा माझ्यावर पहारा ठेवायला कुलूप नाही, तुम्ही नाही, मीच आहे. त्या दिवशीची प्रार्थना त्यांनी केली. एरवी त्यांच्या प्रार्थनेत देवाला बऱ्याच सूचना असत. त्या दुपारी त्यांनी एकेकाचं नाव घेतलं, त्याच्यासाठी आभार मानले आणि आमेन म्हटलं. इतक्या लवकर प्रार्थना संपल्यामुळे मम्मीचे डोळे आणखी क्षणभर मिटलेलेच होते.

रविवारी घरची प्रार्थना झाल्यावर पप्पा टेबलाशी बसले. पहिल्याच कागदावर त्यांनी लिहिलं, शस्त्रक्रिया नीट होऊ दे. मग सर्जनची आदल्या रात्री झोप पुरी होऊ दे. वीज जाऊ देऊ नको, आणि गेलीच तर... इथे ते थांबले आणि कागद फाडला. दुसऱ्यावर मम्मीसाठी लिहायला घेतलं तर तिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या वेळा उतरल्या. तिसऱ्यावर भाऊसाठी एकच ओळ आली, ती त्यांनी चार वेळा खोडली. बेबी आपल्या मुलांच्या निमित्ताने तिथेच रेंगाळत होती आणि काही बघत नसल्यासारखं करत होती. शेवटी पप्पांनी एक चिठ्ठी दुमडली, फटीतून आत सोडली आणि पेटीवर तळहात ठेवून बराच वेळ बसून राहिले. उठताना त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला.

सोमवारी दहा वाजता त्यांना आत नेलं. अकराला मम्मीला इस्पितळाच्या लांब, गार व्हरांड्यात हुडहुडी भरली, म्हणून बेबी तिची शाल आणायला घरी आली.

घरात कोणी नव्हतं. शाल खुर्चीवरच होती आणि खुर्चीशेजारी पेटी. बेबी पेटीसमोर उभी राहिली. पप्पांच्या आयुष्यातली एकुलती एक चिठ्ठी आत होती. त्यांनी काय मागितलं असेल? त्यांना काही होणार आहे असं वाटत असेल का? काही करायचं राहून गेलं असेल, आणि ते आपल्याला अजून करता येण्यासारखं असेल तर? नुसतं बघायला काय हरकत आहे, त्यांच्याच भल्यासाठी. तिचा अंगठा झाकणाखाली गेलासुद्धा. झाकण हलकं होतं, बोटभर वर आलं. तेव्हा तिचं लक्ष त्या अंगठ्याकडे गेलं. रुंद, चपट्या नखाचा, थेट पप्पांचा अंगठा. दर सोमवारी सकाळी ते असेच इथे उभे राहत असणार, असंच स्वतःला समजावत.

तिने झाकण सोडलं. मग ती शाल मांडीवर घेऊन खुर्चीत बसली आणि म्हणाली की प्रभू, मला माहीत नाही आत काय आहे, तुला माहीत आहे, तर मी जाते. तिच्या आयुष्यातली ही सगळ्यांत छोटी प्रार्थना होती. तिने दाराला कुलूप लावलं, चावीचा बिल्ला नीट केला आणि धावतच इस्पितळ गाठलं.

दोन वाजता सर्जन बाहेर आले. झडप छान बसली होती. त्यांनी खिशातून पप्पांची यादी काढून मम्मीला परत दिली आणि सांगितलं, की आठवं कलम सोडून बाकी सगळं त्यांनी सांगितल्याप्रमाणे झालं. आठव्या कलमात काय होतं ते मम्मीने कोणालाच वाचू दिलं नाही. ती बाकावर बसली, डोळे मिटले आणि तिने जे काही देवाला सांगितलं ते नेहमीप्रमाणे कुठेच लिहिलं नाही.

बुधवारी दुपारी पप्पा उशीला टेकून बसले होते. भाऊ सकाळी येऊन गेला होता. तो अजून चिडला नव्हता, पण येताना एक घडीचा नकाशा घेऊन आला होता आणि तो पप्पांच्या पायाशी पसरून, तुम्ही हिंडूफिरू लागलात की आपण दोघांनी कुठे जायचं, वाट मी दाखवणार, असं सांगून गेला होता. आता आत्या खिडकीशी विणत बसली होती आणि बेबी संत्रं सोलत होती.

"चिठ्ठी वाचलीस?" पप्पांनी विचारलं. आवाज अजून खोल गेलेला होता.

"नाही."

"उघडीच होती."

"होती."

"मी असतो तर वाचली असती," पप्पा म्हणाले.

"माहीत आहे."

ते थोडे हसले आणि हसताना छातीवर हात धरावा लागला. "वाचण्यासारखं काही नव्हतंच. लिहायला घेतलं की यादीच व्हायची. शेवटी कोरी टाकली." त्यांनी दम घेतला. "आपल्या दुकानात नाही का कोऱ्या चाव्या येत. कोरीच द्यायची. दात कापायचे ते कापणाऱ्याने."

बेबीने संत्र्याची फोड त्यांच्या हातावर ठेवली.

तेवढ्यात नर्स आत आली, तरुण, घाईतली, हातात पाण्याचा ग्लास आणि छोट्या वाटीत एक पांढरी गोळी. आत्याची विणायची सुई थांबली. चाळीस वर्षं या माणसाने औषधाच्या दुकानदाराला, दंतवैद्याला, खुद्द तिला, प्रत्येक गोळीचं नाव, काम आणि वेळ विचारून भंडावून सोडलं होतं. नर्स पलंगाशी आली आणि म्हणाली, घ्या काका.

पप्पांनी गोळीकडे पाहिलं. मग काहीही न विचारता मान थोडी वर करून तोंड उघडलं.